संस्थापक कोण? : जान ज्यूगाँ आणि ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ यांचं प्रकरण

११ डिसेंबर १८४५ रोजी पॅरिसच्या फ्रेंच अकादमीत मोंत्यों पारितोषिक जाहीर झालं. गरीब माणसाच्या हातून घडलेल्या सत्कृत्याचा गौरव करणारं हे पारितोषिक. त्या वर्षीचे ३,००० फ्रँक ब्रिटनी प्रांतातल्या सँ-सर्व्हाँ गावच्या त्रेपन्न वर्षांच्या एका बाईला मिळाले. तिचं नाव जान ज्यूगाँ. आयुष्याची बरीच वर्षं तिने लोकांच्या घरी काम करून काढली होती. गावच्या महापौरांनी आणि प्रतिष्ठितांनी सह्या करून पाठवलेल्या निवेदनाच्या आधारे द्युपँ या नामवंत वकिलाने अकादमीपुढे तिची हकीकत सांगितली. स्वतःजवळ काही नसताना या बाईने निराधार म्हाताऱ्यांना घर दिलं, आणि ते घर ती दारोदार फिरून चालवते, असा त्या भाषणाचा आशय होता.

गावाच्या लेखी संस्था तिचीच होती. कागदावर मात्र तिला प्रमुखपदावरून काढून तोवर दोन वर्षं झाली होती.

२९ ऑगस्ट १८७९ रोजी जान वारली तेव्हा तिने सुरू केलेल्या संस्थेत सुमारे २,४०० धर्मभगिनी होत्या आणि अनेक देशांत मिळून १७७ घरं होती. ती राहत होती त्याच आवारात शेकडो मुली धर्मभगिनी होण्याचं शिक्षण घेत होत्या. ‘सिस्टर मारी द ला क्र्वा’ या नावाची ही म्हातारी सिस्टर खरी कोण, हे त्यांच्यापैकी बहुतेकींना माहीतच नव्हतं. संस्थापिका म्हणून त्यांना दुसरंच नाव शिकवलेलं होतं.

वृद्धाश्रमाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. संस्था उभी राहते कशी आणि ती हातातून जाते कशी, हे जवळून पाहिलं आहे. म्हणून हे प्रकरण मला संतचरित्र म्हणून वाचून बाजूला ठेवता येत नाही. संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने ते नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कांकाल आणि सँ-सर्व्हाँ

जानचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ चा, कांकाल या कोळ्यांच्या गावचा. कांकाल कालवांसाठी प्रसिद्ध. गावचे पुरुष पार न्यूफाउंडलंडपर्यंत कॉड मासा धरायला जात. महिनोन्‌महिने होड्या परत येत नसत आणि काही तर कधीच येत नसत. जानचे वडील असेच समुद्रावर गेले आणि बेपत्ता झाले. तेव्हा ती चार वर्षांचीही नव्हती. आईने मजुरी करून मुलं वाढवली. आपल्याकडे कोकणात किंवा वसईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. घरची बाईच तिथे घर धरून ठेवते.

तो काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. १७९० सालीच सरकारने धर्मसंघांची व्रतं रद्द केली होती, चर्चच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या होत्या. गोरगरिबांची रुग्णालयं आणि अन्नछत्रं ज्या उत्पन्नावर चालत, तेच आटलं. चर्चची दारं बंद असताना कांकालमध्ये धर्मशिक्षण टिकवलं ते साध्या बायकांनी. त्या जॉन यूड्स या फ्रेंच धर्मगुरूंच्या परंपरेतल्या तृतीय संघाच्या. लग्न न करता, मठात न जाता, आपापल्या घरी राहून प्रार्थना करायची आणि शेजारपाजारच्या मुलांना शिकवायचं, अशी त्यांची रीत. जानही पुढे याच संघात गेली. पुढच्या साऱ्या गोष्टीचं मूळ मला इथे दिसतं. मठाची भिंत नसतानाही बाई व्रतस्थ राहू शकते, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं होतं.

सोळाव्या वर्षी ती एका उमरावाच्या वाड्यात स्वयंपाकघरात कामाला लागली. वाड्याच्या बाईसाहेब गावातल्या आजाऱ्यांच्या घरी जात, तेव्हा तिलाही सोबत नेत. एका खलाशाने तिला मागणी घातली, तिने ती नाकारली. देवाला मी हवी आहे, अजून सुरूच न झालेल्या एका कामासाठी तो मला राखून ठेवतोय, असं तिने आईला सांगितल्याचं परंपरेने सांगतात. पंचविसाव्या वर्षी ती शेजारच्या सँ-सर्व्हाँला आली. सहा वर्षं तिथल्या रुग्णालयात रुग्णसेवा केली आणि शरीर पार थकल्यावर ते काम सोडलं. नंतर लेकोक नावाच्या एका श्रद्धाळू बाईंकडे बारा वर्षं राहिली. नावाला ती मोलकरीण होती, पण राहणं मैत्रिणीसारखं होतं. दोघी मिळून प्रार्थना करत, मुलांना धर्मशिक्षण देत, गरिबांकडे जात. १८३५ मध्ये बाई वारल्या. जाताना जानसाठी थोडं सामान आणि ६०० फ्रँक ठेवून गेल्या. तिच्याजवळची पुंजी ती एवढीच.

मग तिने फ्राँस्वाझ ओबेर या सत्तरी ओलांडलेल्या मैत्रिणीबरोबर मिळून एक घर भाड्याने घेतलं. वर दोन खोल्या आणि त्यावर पोटमाळा. व्हिर्जिनी त्रेदानिएल ही सतरा वर्षांची अनाथ मुलगीही त्यांच्याकडे राहायला आली. फ्राँस्वाझ सूत काती. जान दिवसभर धुणी-भांडी, रुग्णसेवा, पडेल ते काम करी.

जिना

१८३९ चा हिवाळा. गावात आन शोवँ नावाची एक म्हातारी होती. आंधळी, अंगाचा एक भाग लुळा पडलेला. तिला सांभाळणाऱ्या बहिणीला रुग्णालयात हलवलं आणि आन एकटी पडली. जानच्या कानावर हे आलं. तिने घरातल्या दोघींशी बोलून घेतलं, आनला घरी आणलं, अरुंद जिन्यावरून पाठुंगळी घेऊन वर चढवलं आणि आपल्या पलंगावर निजवलं. स्वतः पोटमाळ्यावर झोपायला गेली.

संस्था सुरू झाली ती इथे. ठराव नव्हता, घटना नव्हती, नावही नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांच्या एका मोलकरणीने आपला पलंग दुसरीला दिला, इतकंच घडलं होतं. थोड्याच दिवसांत दुसरी म्हातारी आली, इझाबेल. तिची कथा चटका लावणारी आहे. ज्यांच्या घरी ती चाकरी करत होती ते मालक-मालकीण कंगाल झाले, तेव्हा तिने स्वतःच्या बचतीतून त्यांना पोसलं. ती संपल्यावर त्यांच्यासाठी भीक मागितली. ते गेल्यावर ती स्वतः आजारी, एकटी उरली. जानने तिलाही वर आणलं.

कामाचा क्रम इथे नीट पाहायला हवा. तिच्या डोक्यात ‘वृद्धांची समस्या’ नव्हती. समोर आन होती, मग इझाबेल आली. माणूस आधी आला आणि जागेचा विचार त्याच्या मागून. १८४१ मध्ये वरची जागा पुरेना, तेव्हा तळमजल्यावरची एक मोठी जागा घेतली. पूर्वी तिथे दारूचं दुकान होतं. तिथे बाराजणींची सोय झाली. पुढच्या वर्षी एक जुनी मठाची इमारत घेतली, तीही हाती पैसा नसताना. १८४३ अखेर चाळीस माणसं झाली होती. त्यांत बहात्तर वर्षांचा एक खलाशी होता. ओल्या तळघरात, कुजक्या पेंढ्यावर तो एकटाच पडून होता.

आणखी एक मुलगी येऊन मिळाली, मारी जामे. व्हिर्जिनीची मैत्रीण, विशीतली. या दोघींचे धर्ममार्गदर्शक होते सँ-सर्व्हाँचे तरुण फादर ऑग्युस्त ल पायर. १५ ऑक्टोबर १८४० रोजी त्यांच्या पुढाकाराने या बायकांची एक छोटी मंडळी रीतसर स्थापन झाली. इमारतीच्या खरेदीसाठी फादरांनी आपलं सोन्याचं घड्याळ विकल्याचं सांगतात. ही गोष्टही इथे नमूद करायला हवी, कारण पुढे त्यांच्याविषयी जे लिहावं लागणार आहे ते कडू आहे. सुरुवातीला त्यांनी मनापासून मदत केली होती.

टोपली

चाळीस तोंडांना रोज खायला घालायचं कसं? म्हाताऱ्या बायका आधीपासून भीक मागत असत. रस्त्यावर फिरणं त्यांना झेपत नव्हतं, आणि काहींना दारूची सवय असल्याने मिळालेले पैसे गुत्त्यात जात. जानने त्यांना विचारलं, तुम्ही कोणाकोणाच्या दारी जाता? ती घरं लिहून घेतली आणि त्यांच्याऐवजी स्वतः जाऊ लागली. दारावर सांगायची, तुमच्याकडे येणारी म्हातारी आता येणार नाही, तिच्या नावाचं मला द्या.

या एका कृतीत किती गोष्टी साधल्या ते पाहा. म्हातारीची मान खाली जाणं थांबलं. दात्याची देण्याची सवय मात्र मोडली नाही. आणि भीक ‘मागितलेली’ होती ती ‘गोळा केलेली’ झाली. चाळीसजणींची लाज एकीने आपल्या अंगावर घेतली. पुण्यात माधुकरी मागून शिकलेल्या मुलांच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना दुसऱ्याच्या दारात पात्र घेऊन उभं राहणं म्हणजे काय ते कळेल. जानलाही ते सोपं नव्हतं. ती कष्ट करून पोट भरणारी बाई, आजवर कोणापुढे हात पसरलेला नव्हता. सेंट जॉन ऑफ गॉड या संघातल्या एका ब्रदरने तिला धीर दिला आणि हातात टोपली दिली असं सांगतात. त्या टोपलीत शिळी भाकरी, उरलेलं सूप, लाकूडफाटा, लोकर, जुने कपडे, नाणी, काहीही चाले.

तिच्याविषयीचा एक प्रसंग त्या घरांमधून अजून सांगितला जातो. एका माणसाने चिडून तिच्या थोबाडीत मारली. ती म्हणाली, “ही माझ्यासाठी झाली. आता माझ्या गरिबांसाठी काही द्या.” हा प्रसंग कोणत्या दारी घडला, त्या माणसाचं नाव काय, हे सांगणारे सांगत नाहीत. पण हे वाक्य बोलणारी बाई रोज कोणत्या दारांसमोर उभी राहत असेल, ते त्यातून कळतं.

२३ डिसेंबर १८४३

१८४२ च्या मे महिन्यात या मंडळींनी जानला सुपीरियर, म्हणजे प्रमुख, म्हणून निवडलं होतं. डिसेंबर १८४३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि पुन्हा तिचीच निवड झाली. दोन आठवड्यांनी, २३ डिसेंबरला, फादर ल पायर यांनी आपल्या अधिकारात ती निवडणूक रद्द केली. जानच्या जागी त्यांनी तेवीस वर्षांच्या मारी जामेला नेमलं.

मारी ही त्यांच्या शब्दाबाहेर न जाणारी तरुण मुलगी. जान पन्नाशी ओलांडलेली, गावात मान असलेली आणि स्वतःच्या डोक्याने चालणारी. फादरांच्या मनात काय होतं हे सांगायला मी कोणी नाही. पण त्यानंतर साऱ्या आज्ञा एकाच ठिकाणाहून सुटू लागल्या, एवढं स्पष्ट आहे.

जानने वाद घातला नाही. टोपली उचलली आणि पुन्हा दारोदार गेली.

पुढची आठ-नऊ वर्षं हा मजेशीर म्हणता येणार नाही असा, पण विलक्षण प्रकार चालू राहिला. पद मारीकडे, निर्णय फादरांकडे आणि नव्या घरांचा पाया घालायला मात्र जान. अकादमीतलं ते भाषण छापलं गेलं होतं. परक्या गावात गेली की ती ही पुस्तिका ओळखपत्रासारखी दाखवी. १८४६ च्या सुरुवातीला सँ-सर्व्हाँच्या घरासाठी मदत गोळा करायला ती रेनला गेली. तिथल्या रस्त्यांवरचे म्हातारे भिकारी पाहून तिने तिथेच दुसरं घर सुरू केलं. त्याच वर्षी दिनाँला तिसरं. मग तूर, आँजे आणि इतर गावं. एखादं घर अडचणीत आलं की तिलाच बोलावणं जाई. आँजेच्या घरात लोणी संपलं तेव्हा तिने संत जोसेफच्या पुतळ्यापुढे रिकामी भांडी मांडून ठेवायला लावली, आणि कोणीतरी भरपूर लोणी पाठवलं, अशी गोष्ट आहे. यावर विश्वास ठेवणं न ठेवणं ज्याचं त्याने ठरवावं. माझं लक्ष दुसरीकडे जातं. म्हाताऱ्यांना कोरडी भाकरी खावी लागते, याचं तिला इतकं वाईट वाटलं की तिने थेट देवाकडे लोणी मागितलं. ‘निराधारांना दोन घास मिळाले म्हणजे झालं’ हा हिशेब तिच्याकडे नव्हता.

१८५१ मध्ये लंडनला घर निघालं, फ्रान्सबाहेरचं पहिलं. एव्हाना लोकांनीच या बायकांना नाव दिलं होतं, गरिबांच्या धाकट्या बहिणी, म्हणजेच ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’.

सत्तावीस वर्षं

२९ मे १८५२ रोजी रेनच्या बिशपांनी संस्थेला औपचारिक मान्यता दिली. त्याच वर्षी फादर ल पायर यांनी जानला मातृगृही, म्हणजे संस्थेच्या मुख्य घरी, बोलावून घेतलं. यापुढे बाहेर जायचं नाही, उपकारकर्त्यांशी संबंध ठेवायचे नाहीत. ती साठीला आली होती. सत्तावीस वर्षं, मरेपर्यंत, ती तशीच राहिली. १८५६ मध्ये मातृगृह रेनहून सँ-पेर्नजवळच्या ला तूर सँ-जोझेफ या मोठ्या इस्टेटीवर गेलं, तेव्हा तीही तिथे गेली. नव्या मुलींबरोबर राहायची, त्यांच्या हातच्या कामावर देखरेख करायची, काठी टेकत बागेत फिरायची.

या काळात संस्थेचा इतिहास नव्याने लिहिला गेला. त्यात स्फूर्ती फादर ल पायर यांची. पहिल्या दोन धाकट्या बहिणी म्हणजे मारी आणि व्हिर्जिनी. जान तिसरी, नंतर येऊन मिळालेली. आनला पाठीवर घेऊन जिना चढणारी बाईच त्या गोष्टीतून वगळली गेली, आणि ही गोष्ट मुलींना ती स्वतः त्याच इमारतीत राहत असताना शिकवली जात होती. “तुम्ही माझं काम माझ्यापासून चोरलंत, पण मी ते तुम्हाला आनंदाने देते,” असं ती फादरांना एकदा म्हणाल्याचं सांगतात. तिच्या तोंडचा निषेध म्हणून एवढंच वाक्य शिल्लक आहे. ‘चोरलंत’ हा शब्द तिने वापरला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काय झालं ते तिला पूर्ण कळत होतं.

ठेव नाकारली तो निर्णय

१८६५ साली संस्थेपुढे एक पेच आला. कायमचं, ठरलेलं वार्षिक उत्पन्न देऊ करणारी देणगी घ्यावी की नाही? कारभार पाहणाऱ्या भगिनींचा निर्णय होईना. सत्तेतून बाजूला केलेल्या जानला त्यांनी बैठकीला बोलावलं. आपण अडाणी, मला काय विचारता, असं ती आधी म्हणाली. मग आग्रह झाल्यावर तिने सांगितलं, ठरलेलं उत्पन्न घेऊ नका, आजवर चाललो तसं देवाच्या आणि लोकांच्या भरवशावर चालू. मंडळींनी तिचं ऐकलं. कायम उत्पन्न देणारी मालमत्ता घ्यायची नाही, हा नियम झाला.

या निर्णयाने मला माझ्याच कामाकडे नव्याने बघायला लावलं. आमच्या वृद्धाश्रमात एका वर्षी मोठी ठेव आली. आम्हाला हायसं वाटलं. व्याजात महिन्याचा किराणा, औषधं, पगार भागू लागले. त्याआधी आम्ही दर रविवारी दोघं-तिघं मिळून गावात वर्गणीला जायचो. कोणी तांदूळ द्यायचं, कोणी जुनी धोतरं, कोणी नुसतं चहाला बसवून आपल्या सासूच्या दुखण्याचं सांगायचं. ठेव आल्यावर ते फिरणं आपोआप सुटलं. दोन-तीन वर्षांनी लक्षात आलं की गावातलं आश्रमावर येणं-जाणंही बंद पडलंय. मुलांचे वाढदिवस साजरे करायला येणारी घरं येईनाशी झाली. व्हरांड्यातल्या एक आजी रोज चारच्या सुमाराला फाटकाकडे बघत विचारायच्या, “आज कोणी आलं नाही का हो?” आम्ही जायचं सोडलं म्हणून लोकांनी यायचं सोडलं होतं. पैशाची चिंता मिटवताना आजींकडे येणारी वाट आम्हीच बुजवली होती.

ठेवी वाईट असतात असं मी म्हणत नाही. औषधांचा खर्च श्रद्धेवर सोडता येत नाही, आणि रात्रीच्या पाळीला माणूस ठेवायचा तर महिन्याला पगार द्यावाच लागतो. पण जानने पाहिलं ते वेगळं होतं. रोज टोपली घेऊन बाहेर पडावं लागणं, हा तिच्या लेखी संस्थेचा दोष नव्हताच. त्यामुळे सिस्टर रोज गावात दिसे, आणि गावाला रोज आठवण राही की आपल्या म्हाताऱ्यांचं आपल्यालाच पाहायचं आहे. धाकट्या बहिणी गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञाधारकता या तीन व्रतांबरोबर चौथं व्रत घेतात, आतिथ्याचं. आलेला म्हातारा पाहुणा आहे, ही त्यामागची धारणा. आणि पाहुण्यासाठी शेजारी जाऊन वाटीभर साखर आणण्यात आपल्याकडेही कोणाला कधी लाज वाटली नाही.

हे घडू कसं शकलं

एका माणसाच्या स्वभावावर सगळं ढकललं तर प्रकरण समजणार नाही. सोळाव्या शतकात ट्रेंट धर्मपरिषदेनंतर चर्चचा नियम कडक झाला. व्रतस्थ बाई म्हणजे मठाच्या भिंतीआड राहणारी बाई. रस्त्यावर, रुग्णालयात, गरिबांच्या घरी काम करणाऱ्या स्त्रियांना त्या नियमात जागा नव्हती. तरी त्या काम करत राहिल्या. एकोणिसाव्या शतकात तर फ्रान्समध्ये त्यांना पूर आला. १८०० ते १८८० या काळात सुमारे ४०० नवे स्त्री-संघ निघाले. क्रांतीने मोडलेलं गरिबांचं आश्रयस्थान पुन्हा उभं केलं ते मोठ्या प्रमाणात या बायकांनी. पण अशा साध्या व्रतांच्या, म्हणजे मठाच्या भिंतीबाहेर काम करणाऱ्या, संघांना खऱ्या अर्थाने धर्मसंघ म्हणून पक्की जागा मिळाली ती १९०० साली, पोप तेरावे लिओ यांच्या आदेशानंतर. मधल्या काळात संघाचं भवितव्य स्थानिक बिशपांच्या मान्यतेवर आणि बहुतेकदा एखाद्या फादरांच्या मेहेरबानीवर असे. बायकांनी मत देऊन निवडलेली प्रमुख एका पुरुषाच्या शब्दाने बदलता येत होती, आणि त्याविरुद्ध दाद मागायची तर कुठे, हे त्या मोलकरणीला कोणी सांगितलेलं नव्हतं.

जानची नम्रता थोर आहे यात मला शंका नाही. चर्च तिला संत मानतं ते योग्यच आहे. पण तिच्या गप्प राहण्याचा आदर्श म्हणून वापर होतो तेव्हा मी अस्वस्थ होतो. ती गप्प राहिली म्हणून अन्याय चांगला ठरत नाही. तिला विचारणारं, कागदपत्रं मागणारं, दुसऱ्या बाजूने उभं राहणारं वेळेवर कोणी नव्हतं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा दोष तो आहे. रोमने चौकशी करून फादर ल पायर यांना पदावरून दूर केलं ते १८९० मध्ये. निवडणूक रद्द झाली त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली होती आणि जान जाऊन अकरा. फादर १८९५ मध्ये रोममध्ये वारले.

मग काम का मोडलं नाही? इतिहास खोटा शिकवला गेला, पण रीत खोटी झाली नाही. त्या दोन हजारांवर भगिनींना संस्थापिकेचं नाव चुकीचं सांगितलं होतं. त्या मात्र रोज करत होत्या ते जानने केलं तेच. टोपली घेऊन बाजारात जायचं, मिळेल ते आणायचं, आधी म्हाताऱ्यांना वाढायचं, मग आपण बसायचं. प्रमुखपद कागदावरून काढून घेता आलं. पण म्हातारीला पलंगावरून कसं उचलायचं, हे एका सिस्टरच्या हातातून दुसरीच्या हातात गेलं होतं, आणि तिथून ते कोणालाच काढून घेता आलं नाही.

नंतर

सत्य बाहेर आलं त्यात मारी जामेचाही वाटा आहे. आपण पहिली धाकटी बहीण नाही आणि संस्थापिकाही नाही, ते दोन्ही जान ज्यूगाँ होती, हे तिने १८९३ मध्ये मरण्यापूर्वी सांगून ठेवलं. आपल्याला तसं वागायला सांगितलं होतं, असंही ती म्हणाली. तेविसाव्या वर्षी आज्ञा म्हणून घेतलेलं ओझं तिने पन्नास वर्षं वाहिलं. तिच्याविषयी मला राग येत नाही. १९०२ मध्ये संघाचा इतिहास छापला गेला आणि त्यात जानला तिची जागा मिळाली. ३ ऑक्टोबर १९८२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी संत.

भारतात या भगिनी १८८२ मध्ये कलकत्त्याला आल्या, जान गेल्यानंतर तीनच वर्षांनी. पुढे इतर शहरांतही त्यांची घरं झाली. मुंबईत अंधेरी पूर्वेला त्यांचा वृद्धाश्रम आहे. कलकत्त्याच्या त्यांच्या घराचा आणखी एका कामाशी संबंध आला. १९४८ मध्ये लोरेटोचा मठ सोडून निघालेल्या मदर तेरेसा पाटण्याला रुग्णसेवेचे धडे घेऊन डिसेंबरमध्ये कलकत्त्याला परतल्या, तेव्हा त्यांच्याकडे राहायला स्वतःची जागा नव्हती. त्यांना उतरायला खोली दिली ती या धाकट्या बहिणींनी. वृद्धांनी भरलेल्या त्या घरातून पांढऱ्या, निळ्या काठाच्या साडीतल्या मदर रोज सकाळी मोतीझीलच्या झोपडपट्टीत जात, आणि रात्री झोपायला तिथे परत येत.